सुखाची बाई

"आपण सुखी आहात का?"

पडवीत पाऊल टाकून छत्री मिटायच्या आतच बाईंनी माझ्या सासूला हा प्रश्न विचारला. आत्याबाई नाचणी पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "कोन गेलं गं?"

अनोळखी माणूस दारात येऊन इतक्या अदबीनं बोलायला लागला की मागोमाग वाईट बातमी येते, हा आत्याबाईंचा आयुष्यभराचा अनुभव. कुणी गेलेलं नाही, या मुंबईहून आल्यात, तिथल्या कुठल्याशा संस्थेनं आपलं सुख बघायला पाठवलंय, हे समजावून सांगताना माझा चुलीवरचा चहा उतू गेला. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "बगू द्या की मग. हितंच कुटंतरी आसंल."

त्या दिवसापासून गावानं त्यांचं नाव 'सुखाची बाई' ठेवलं. खरं नाव चांगलं लांबलचक होतं, त्यांच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलंही होतं, पण ते ट्रंकेवरच राहिलं.

आमचं गाव जोयड्याच्या डोंगरात, काळी नदीच्या वरच्या अंगाला. रामनगरला बस सोडायची, पुढं लाकडाचा ट्रक नेईल तिथवर जायचं आणि उरलेली वाट जळवांशी बोलत बोलत चालायची, मधे होडीनं नदी ओलांडून. तेव्हा आम्ही मुंबई राज्यात होतो. म्हणजे आम्हाला तसं सांगण्यात आलं होतं. मुंबईला ते ठाऊक असल्याची काही खूण आमच्याकडं नव्हती. बाई हीच पहिली खूण. मी खानापूरकडची, मराठी सातवी शिकून या डोंगरात लग्न करून आलेली. गावात लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटी, म्हणून पाटलांनी त्यांना आमच्याच पडवीत उतरवलं.

बाई उंच आणि काटकुळ्या, पन्नाशीच्या आतबाहेर. पांढरी सुती पाचवारी साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर साहेबलोकांची असते तसली सोला टोपी. मागं अंबाडा मोठा, त्यामुळं टोपी पुढं कलंडून डोळ्यांवर यायची आणि समोरचं दिसावं म्हणून बाईंना हनुवटी वर करून चालावं लागायचं. गावाला वाटलं, बाई ताठ्याच्या आहेत. बिचाऱ्या फक्त रस्ता बघत असायच्या.

बोलणं पुस्तकातल्यासारखं, आणि सगळ्यांशी 'अहो'. सगळ्यांशी म्हणजे अगदी सगळ्यांशी. गोठ्याच्या दारात म्हैस आडवी आली तर, "अहो, जरा बाजूला होता का?" असं म्हणून त्या वाट बघत उभ्या राहायच्या. म्हैस रवंथ करीत त्यांच्याकडं बघायची. मग लांबून मामंजी, म्हणजे माझे सासरे, "हाड्!" म्हणून ओरडायचे. म्हैस सरकायची आणि बाई तिला "आभारी आहे" म्हणून आत जायच्या.

त्यांचं एक वाक्य मात्र गावभर झालं. "मी निरीक्षक आहे. मला मत नाही." संशोधन करणाऱ्यानं नुसतं बघायचं, ढवळाढवळ करायची नाही, असं त्यांना त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं म्हणे. बाई ते फार कसोशीनं पाळायच्या. "या आमटीत गुळाचा खडा हवा होता. पण मला मत नाही." "एवढ्याशा मुलीच्या डोक्यावर एवढी घागर? असो. मला मत नाही." "नवरा सोप्यावर निजलेला आणि बायको लाकडं फोडते, हे काय आहे? नाही, नाही, मला मत नाही." पुढं पुढं शेजारच्या दोघी भांडतानासुद्धा म्हणायला लागल्या, "तुज्या गाईनं माजं भात खाल्लंय, पन मला मत न्हाई हां!"

त्यांच्या संशोधनाचं नाव होतं 'ग्रामीण कृषक समाजातील स्त्रियांचे स्वास्थ्य'. स्वास्थ्य म्हणजे मनाचं बरं असणं, असा त्यांच्या पुस्तकातला अर्थ. पाटलांनी दवंडी देववताना सोयीसाठी 'तब्येत' असं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं अंगण भरलं. हिवतापवाले आले, गळवंवाले आले, खरजेची पोरं आली आणि एकजण खुराला जखम झालेला बैल घेऊन आला.

"मी डॉक्टर नाही हो," बाई कळवळून म्हणाल्या, "मी निरीक्षक आहे."

"मग निरीक्सन तरी करा की," बैलवाला म्हणाला. बाईंनी टोपी मागं सारली, वाकून बैलाच्या खुराचं नीट निरीक्षण केलं आणि बैलवाला समाधानानं घरी गेला. त्यांच्या कामानं एखाद्याचं समाधान झाल्याचं मी पाहिलेलं हे पहिलं उदाहरण.

आमची बोली त्यांना नवी होती. आमच्याकडं बाईमाणूससुद्धा "मी जातो, मी करतो" असंच बोलतं. बाईंनी ते पहिल्यांदा ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. संध्याकाळी त्या मला सांगू लागल्या, "पाहिलंत? इथल्या स्त्रीनं क्रियापदातलं दास्य झुगारून दिलंय! इथली समानता थेट भाषेच्या मुळापासून सुरू होते." त्या वेळी माझी सासू सोप्याकडं तोंड करून ओरडत होती, "पानी तापवून ठेवलोय, पाय धुवायला येता न्हवं?" आणि सोप्यावरून मामंजी म्हणत होते, "हितंच घेऊन ये."

पुरुषांचंही म्हणणं घ्यायचं होतं. पाटील मोठ्या उत्साहानं बोलले. "आमच्या गावात बायकांना काय बी तक्रार न्हाई. आजवर एकीनंबी माज्याफुडं तोंड उघडल्यालं न्हाई. ह्याच्यावरनंच वळखा की."

बायका मात्र काही सांगेनात. सुखी आहात का विचारलं की हसायच्या, नाहीतर सासूकडं बोट दाखवून म्हणायच्या, "आत्तीला इचारा." मग बाईंनी पुस्तकातली युक्ती काढली. सुखाची शिडी. कागदावर शिडी काढायची. सगळ्यात खालची पायरी म्हणजे दुःख, सगळ्यात वरची म्हणजे पूर्ण सुख. आपण कुठल्या पायरीवर आहोत ते बोटानं दाखवायचं. आत्याबाई कागद बघून म्हणाल्या, "चितार कशाला? माळ्याची शिडी हाय की घरात."

शिडी अंगणातल्या फणसाला लावली. आळीतल्या सगळ्या बायका जमल्या. मान मोठ्यांचा, म्हणून पहिल्यांदा आत्याबाई चढल्या. दुसऱ्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्याच्या वर गुडगा चालत न्हाई." झालं. सासू दुसऱ्या पायरीवर असताना सुनेनं तिसरीवर कसं उभं राहायचं? मी आणि माझी जाऊ सगळ्यात खालच्या पायरीला नुसता पाय लावून उतरलो. बाकीच्या घरांतही तेच. एकीला दिवस गेलेले, तिच्या सासूनं शिडीजवळही फिरकू दिलं नाही. एक परकरी पोर सरसर शेंड्याला गेली, कारण पिकलेला फणस तिथं होता. एवढ्यात पाटील आले. काय चाललंय ते विचारलं, आणि कुणी बोलावलं नसताना थेट वर चढून जाहीर केलं, "म्या पूर्न सुखी हाय!" मग खाली बघून त्यांचे पाय लटपटायला लागले. पूर्ण सुखातून त्यांना खाली उतरवायला दोघा गड्यांना खांदा द्यावा लागला.

सगळ्यांत शेवटी देवकू चढली. कुणाला न विचारता ती अगदी वर गेली आणि एका हातानं फांदी धरून लांबवर बघत उभी राहिली. पांढरं कपाळ, अंगावर विटका पदर. बाई थरारून गेल्या.

"देवकूअक्का, आपण इतक्या वर? इतक्या सुखी?"

"हितनं माजं शेत दिसतंय," देवकू वरूनच म्हणाली. "सातेरी बांध फोडतोय काय बगायलो."

देवकूचा नवरा आदल्या हिवाळ्यात जंगलात लाकूड भरताना ओंड्याखाली सापडून गेला. पदरात लहान मुलगी, आणि नाल्यापलीकडं भाताचं एक बरं शेत. सातेरी हा तिचा दीर. तो दुष्ट असता तर गोष्ट सोपी होती. पण सातेरी गोड माणूस. मान खाली घालून बोलणारा, देवळात सगळ्यांच्या आधी झाडू मारणारा. "वैनीला कशाला तरास?" तो चारचौघांत म्हणायचा. "शेत मी कसतो. खायापुरतं भात तिच्या दारात आणून टाकतो." ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. पण जो कसतो त्याचं नाव कागदावर चढतं आणि मग ते उतरत नाही, हे कूळकायदा आल्यापासून आमच्या डोंगरात सगळ्यांना कळत होतं. देवकूलाही कळत होतं. तिला स्वतः शेत करायचं होतं. पण नांगर कोण धरणार? गड्यांना विचारलं तर ते म्हणायचे, "दीर करतो म्हनतोय, आमी मदी कशाला?" आणि बाईनं नांगराला हात लावला की पाऊस थांबतो, हे तर आमच्याकडं अगदी पक्कं. लावणी आम्ही करायची, कापणी आम्ही करायची, मळणी आम्ही करायची. पाऊस फक्त नांगराच्या वेळी आमच्यावर डोळा ठेवून असायचा.

पावसाळा लागला. सगळ्यांच्या शेतात चिखलणी सुरू झाली, देवकूचं शेत गवतानं भरलं. सातेरी रोज बांधावर उभा राहून हळहळायचा. एके दिवशी दुपारी देवकू आमच्या पडवीत आली आणि बाईंसमोर बसली.

"बाई, तुमी भायेरच्या. आमचं पाप तुमाला लागायचं न्हाई. तुमी धरा की नांगर."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "देवकूअक्का, मला आपल्याबद्दल फार... पण मी निरीक्षक आहे हो. मला हस्तक्षेप करता येत नाही."

देवकू उठली. पडवीची पायरी उतरताना म्हणाली, "मग बगत बसा. म्या सातेरीच्या दारात भातासाटनं हात पसरून हुबा राहीन, तवाबी येऊन बगा."

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारीत राहिल्या. मला वाटतं, गुरूंशी भांडत असाव्यात. मधूनच हात झटकायच्या. मग एकदम टोपी घातली, छत्री घेतली आणि मला म्हणाल्या, "चला. पाटलांकडे. मला त्यांचं बोलणं कळलं नाही तर आपण सांगा."

पाऊस धो धो ओतत होता. पाटील सोप्यावर घोंगडं पांघरून बसले होते.

"पाटीलसाहेब, मला असं सांगण्यात आलं आहे, की स्त्रीने नांगर धरल्यास पर्जन्य थांबते."

"परजन्य?"

"पाऊस," मी म्हटलं.

"व्हय. थांबतो की."

"कुणी पाहिलंय?"

"कोन बगनार? बाईनं आजवर कवा धरलाच न्हाई तर."

"म्हणजे हे सिद्ध झालेलं नाही." बाईंनी हनुवटी वर केली. "मग मला अहवालात 'असे म्हणतात' एवढंच लिहावं लागेल. मुंबईत 'असे म्हणतात' याला अफवा म्हणतात."

पाटलांचं घोंगडं गळून पडलं. "अफवा? आमच्या वाडवडलांचं बोलनं?"

"म्हणून म्हणते, प्रयोग करू. मी नांगर धरते. पाऊस थांबला, तर तुमचं म्हणणं तुमच्या नावानिशी अहवालात जाईल. यात माझं मत काही नाही. हा फक्त प्रयोग आहे."

पाटील दाढी खाजवत विचार करू लागले. त्या साली पावसानं कहर केला होता, वाफ्यातली रोपं कुजायला लागली होती. त्यांनी आभाळाकडं बघितलं.

"चार दिस उघडीप मिळाली तर बरंच हाय," ते पुटपुटले. "आनि देव काय करंल ते तुमालाच करंल न्हवं? गावाला न्हाई?"

"मलाच. पूर्ण जबाबदारी माझी."

"मग माजीच बैलं घ्या. कंचं शेत?"

"एक रिकामंच आहे," बाई अगदी सहज म्हणाल्या. "त्या देवकूअक्कांचं."

मी बाईंच्या तोंडाकडं बघतच राहिले. इतके महिने त्या आमचा अभ्यास करत होत्या असं मी समजत होते. तो खरोखरच चालू होता, हे मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या बांधावर झाडून सगळं गाव. इरल्यांची ही रांग. सातेरीही आला, गोड हसत. नांगर जुंपलेला. बाईंनी बूट काढून बांधावर ठेवले, साडी गुडघ्यापर्यंत खोचली, टोपी मात्र ठेवली, आणि नांगराची मूठ धरली. बैलांना म्हणाल्या, "चला बरं."

बैल हलले नाहीत.

"अहो, चला ना!"

गड्यांत हशा पिकला. पाटलांना आपल्या बैलांचा अपमान सोसवेना. त्यांनी बांधावरूनच "हैऽऽक्!" अशी हाळी दिली आणि बैल असे सुटले, की बाई नांगराबरोबर फरफटत गेल्या. टोपी एकीकडं, बाई एकीकडं. तोंडभर चिखल. तास निघालं ते सापासारखं, आणि मधेच संपलेलं. बाई उठल्या, पुन्हा मूठ धरली, पुन्हा पडल्या. कुणीतरी म्हणालं, "झाला की प्रयोग. सोडा आता." बाई उठल्या. आता कुणी हसत नव्हतं. पन्नाशीची बाई, हाताच्या सालपटांतून रक्त येत होतं. तिसऱ्यांदा मूठ धरली तेव्हा बोटं मिटेनात.

देवकू बांधावर माझ्याशेजारी उभी होती. तिनं काखेतली मुलगी माझ्याकडं दिली आणि चिखलात उडी मारली.

बाईंच्या हातांवर तिनं आपले हात ठेवले आणि दोघींनी मिळून नांगर दाबला. तिलाही काही येत नव्हतं हो, तिनं तरी जन्मात कधी धरला होता? तीही पडली. दोघी एकमेकींना धरून उठल्या. पण नांगर चालायला लागला. वाकडा, पण चालायला लागला.

"वैनी!" सातेरी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "सोड! पाप लागंल! पाऊस जाईल गावाचा!"

पाटील आभाळाकडं बघत होते. आणि माझी सासू, जिनं आयुष्यात भर माणसांत तोंड उघडलं नव्हतं, इरलं मागं सारून म्हणाली, "जाईल तवा जाईल की रं. आत्ता तर तुज्या नाकावरनं गळायलाय." सातेरीनं खरोखरच नाक पुसलं. तो हशा मी अजून विसरले नाही. तो बायकांचा होता.

बाई थोड्या वेळानं बाजूला होऊन बांधावर बसल्या. देवकू एकटी नांगरत राहिली. दुपार कलेपर्यंत चिखलणी झाली आणि मग कुणी कुणाला न बोलावता आम्ही सगळ्याजणी लावणीला उतरलो. लावणीला कुणाची हरकत नव्हती.

घरी आल्यावर मी बाईंच्या तळहातांना कोकमाचं तेल लावत होते. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, झोंबतंय.

"माझं संशोधन बिघडलं हो," त्या म्हणाल्या. "आता मला मत आहे."

"मग बरंच झालं की," मी म्हटलं.

"बरं कुठलं? एक आलं की त्याच्यामागं बाकीची येतात. ती घागरवाली मुलगी आली, तो सोप्यावर निजणारा आला. आता मी काय काय लिहू?"

पाऊस काही थांबला नाही. उलट वाढला. नाल्यावरचा साकव वाहून गेला, खालच्या आळीत पाणी शिरलं. बाई हर्षभरित होऊन पाटलांकडं गेल्या: स्त्रीने नांगर धरल्याने पाऊस थांबत नाही हे सिद्ध झालं. पाटील गंभीर होते. "व्हय. आमची चूक झाली," ते म्हणाले. "थांबत न्हाई. बाईनं नांगर धरला की पाऊस वाडतो."

"अहो, या दोन गोष्टींचा काही संबंधच नाही!"

"संबंद न्हाई कसा? साकव गेला न्हवं?"

बाईंनी डोकं धरलं. त्यांनी एक समज मोडायला जाऊन दुसरी तयार करून दिली होती, आणि तीही त्यांच्याच प्रयोगानं सिद्ध झालेली. पुढच्या साली पावसानं ओढ दिली तेव्हा पाटलांनी आपली बैलजोडी स्वतः देवकूच्या दारात आणून बांधली. "देवकू, तेवडा हात लाव बग." देवकू म्हणाली, "आदी माजं शेत. मग तुमचं." पाऊस आठवड्याभरानं आला. तसाही येणारच होता, पण तसं सांगायला तोवर बाई गावात नव्हत्या. तेव्हापासून देवकूचा नांगर शुभ ठरला आणि तिला अडवणं म्हणजे गावाचा पाऊस अडवणं झालं. सातेरीनं ते ओळखलं. सगळ्यांच्या आधी तोच म्हणायला लागला, "आमची वैनी म्हंजे लक्षुमी." शेतावर नाव देवकूचंच राहिलं.

बाईंचं मात्र निराळंच झालं. नांगर धरला त्याच साली दिवाळीच्या सुमारास राज्यांची नवी मांडणी झाली आणि आमचा जिल्हा मुंबईतून म्हैसुरात गेला. आम्ही जागचे हललो नव्हतो. मुंबईच्या संस्थेनं कळवलं, की त्या भागातील स्त्रियांचे स्वास्थ्य यापुढे आपल्या कक्षेत येत नाही. बाई मला बरोबर घेऊन म्हैसूर सरकारच्या नव्या साहेबांना भेटायला गेल्या. साहेब फार सज्जन. त्यांनी आम्हाला कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "पण हे सुख कोणत्या खात्यात येते?"

साहेब मनापासून मदत करत होते. ताप असेल तर आरोग्य, पीक असेल तर शेतकी, झाड असेल तर जंगल. "आणि हे तुम्ही मराठीत लिहिलं आहे," ते दुःखानं म्हणाले. "आम्ही सुख मागितलं नव्हतं."

त्यानंतरही काही आठवडे बाई गावात फिरत राहिल्या, कुणासाठी ते कुणालाच ठाऊक नसताना. त्या दिवसांत बायका त्यांच्याशी भरभरून बोलायच्या. प्रश्न न विचारता, चुलीपुढं बसवून घेऊन. नवऱ्याचं, सासूचं, पोटात मेलेल्या पोरांचं. बाई ऐकत बसायच्या. टोपी मांडीवर असायची.

एक गोष्ट राहिली, आमच्या घरातली. घरी गड्यांची पंगत आधी, बायकांची मागून. मामंजी नदीचे मासे आणायचे तेव्हा आमच्या पंगतीपर्यंत कालवण यायचं, मासे यायचे नाहीत. एखादं डोकं, एखादी शेपटी. त्यात काही दुःख होतं असं नाही. ते तसंच असतं असं आम्ही धरून चाललो होतो. बाई आल्या आणि म्हणाल्या, मी स्त्रियांबरोबरच जेवणार. आता पाहुणीच्या ताटात नुसता रस्सा कसा वाढायचा? आणि पाहुणीला तुकडा वाढून शेजारी आम्ही कोरड्या बसलो, तर बाई सगळ्यांच्या ताटात डोकावणार. तेव्हा आत्याबाई गड्यांच्या पंगतीआधीच थोडे तुकडे बाजूला काढून ठेवू लागल्या. त्या साली आम्ही जावाजावांनी मासे खाल्ले. बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी आत्याबाईंना समोर बसवून आपल्या लिखाणातला एक भाग मोठ्या अभिमानानं वाचून दाखवला: "या घरात अन्नाची वाटणी स्त्रीपुरुषांमध्ये समान असून स्त्रियांना माशांचा पुरेसा वाटा मिळतो." आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

बाई गेल्या. आम्ही नदीपर्यंत पोचवायला गेलो. देवकूनं तिच्या शेतातलं भात कांडून तांदळाचं गाठोडं दिलं. होडी पलीकडं लागेपर्यंत टोपी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजींनी मासे आणले होते. गड्यांची पंगत बसली. एकदा वाढून झाल्यावर मामंजींनी ताट पुन्हा पुढं सरकवलं. "कालवन वाड. दोन तुकडंबी घाल."

"संपलं," आत्याबाई म्हणाल्या.

मडकं त्यांच्या पाठीमागंच होतं. झाकणाखालून डाव वर आलेला, कडेनं वाफ निघत होती. मामंजींनी मडक्याकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं. मी आणि जाऊ दाराआडून बघत होतो. आत्याबाईंनी नजर वळवली नाही.

"व्हय," मामंजी सावकाश म्हणाले. "संपलंच आसंल." आणि त्यांनी ताटात हात धुतला.

गडी उठून गेल्यावर आत्याबाईंनी मडकं पुढं ओढलं, झाकण काढलं आणि आम्हा दोघींना खुणेनं बसवलं.

"खावा गं," त्या म्हणाल्या. "बाईनं आमच्या घरचं लिवून न्हेलंय. ती खोटी पडाय नको."

आणि मधला मोठा तुकडा त्यांनी आपल्या ताटात वाढून घेतला.